ओहोटीचा पाऊण मैल

गेल्या महिन्यात एक कारकून माझ्या दारात कागद घेऊन आला. जवळपासच्या दोन लहान शाळा बंद करून तिसऱ्या एका शाळेत मिसळायच्या होत्या, आणि रहिवाशांची हरकत नाही असं छापून त्याखाली सह्या हव्या होत्या. पहिल्याच ओळीत शब्द होता, 'मुलांच्या सोयीसाठी'. मी विचारलं, "अंतर किती?" तो म्हणाला, "पाऊण किलोमीटर, काका. काहीच नाही." "मोजलं कुणी?" "नकाशावर आहे ना." मी कागद परत दिला. जिन्यात शेजाऱ्याशी बोलताना त्याचा आवाज मला ऐकू आला, "अंकल का दिमाग गरम है." खरं होतं. चाळीस वर्षांपूर्वी तापलेलं डोकं आहे ते. 'सोय' हा शब्द सरकारी कागदावर दिसला की मला अजून शिसारी येते. ती का येते हे एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण.

आमचा तिवरपाडा डोंगरीच्या अलीकडे, खाडीच्या एका फाट्यावर होता. घरं बेचाळीस. निम्मी आम्हा कोळ्यांची, निम्मी किरिस्तावांची, आणि जाळी मात्र सगळ्यांची एकाच दोरीवर सुकत. आमच्या घराला पुढं ओटी, मागं चूल, आणि अंगणात बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या. त्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगायचं काम आई आणि माझी थोरली बहीण चांगुणा करत. चांगुणाला मी 'बाय' म्हणायचो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. वारा सुटला की सुकलेले बोंबील एकमेकांवर आपटून खडखड वाजत. तो आवाज आणि आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, या दोन आवाजांत मी पाढे पाठ केले. दुसरी मोठी लढाई चालू होती. रेशनवर तांदळाऐवजी मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळे, त्याची भाकरी थापताना आई ज्याने तो पिकवला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पण भाकरीबरोबर जवळ्याची चटणी आणि आंबट कालवण असलं की मिलोसुद्धा खाली उतरायचा. बाबा डोलीचं जाळं लावत. डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेलं मोठं पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीनं मासळी त्यात शिरते, आणि भरतीच्या पाण्यावर होड्या घराशी येतात. म्हणजे आमच्याकडे दिवस सूर्यावर चालत नसे, पाण्यावर चाले. जेवण, झोप, भांडण, सगळं पाण्यावर.

आणि शाळाही. आमच्या शाळेत एक खोली होती, चार इयत्ता आणि एक शिक्षक, पेद्रू मास्तर. मास्तर पाड्यातलेच, किरिस्ताव, उंच, एका कानानं कमी ऐकणारे. शाळेचा पट एकोणतीस होता. अठरा मुलगे, अकरा मुली. आजूबाजूच्या पाड्यांत मुलींचा असा आकडा कुठं नव्हता, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. पेद्रू मास्तर शाळा पाण्यावर भरवत. होड्या लागल्या की मासळी उतरवायला, निवडायला, टांगायला घरातला प्रत्येक हात लागतो, आणि पहिला हात मुलीचा लागतो. त्या वेळी शाळा ठेवली तर मुलगी येणार नाही. म्हणून मास्तर शाळा ओहोटीला ठेवत. अष्टमीच्या सुमाराला दिवसा मधोमध एकच शाळा, आणि पुनव-अवसेला सकाळी लवकर एकदा, दुपार कलल्यावर एकदा. दाराला एक मोठी पाटी टांगलेली असे, तिच्यावर उद्याची तिथी आणि शाळेची वेळ. वेळ झाली की रॉकेलचा रिकामा डबा वाजवायचा.

पाण्याची वेळ काढायचा हिशेब कोळ्याच्या पोराला जन्मतः येतो असं लोक म्हणतात. ते खोटं आहे, तो शिकवावा लागतो. तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पेद्रू मास्तर गुणाकार-भागाकाराची सुरुवातच इथून करत. त्यामुळे पहिलीतल्या पोरालाही कळे की हिशेब चुकला तर बाप चिखलात अडकतो. बायला हा हिशेब इतका पक्का होता की तिसरीपासून पाटीवरची वेळ तीच लिहायची. मास्तर नुसती नजर टाकत. एकदा त्यांनीच चुकीची वेळ लिहिली, तर ही म्हणाली, "मास्तर, उद्या दशमी हाय. साडेसाताला भरती व्हते. तुमचं पाणी पळालं वाटतं!" मास्तरांनी पाटी पुसून तिच्या हातात दिली आणि वर्गाला सांगितलं, "ही पोरगी माझी खुर्ची घेणार. लिहून ठेवा." ते थट्टेनं म्हणत नव्हते. चौथी झाली की तिला वसईकडच्या आपल्या बहिणीकडे ठेवून सातवी करवायची आणि मग मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगला घालायची, असं त्यांनी आमच्या ओटीवर बसून बाबांना सांगितलं होतं. बाबांनी हातातली जाळ्याची गाठ पुरी केली आणि ते म्हणाले, "चौथी होऊ द्या. मग बघू." आमच्याकडे हे 'हो' समजलं जायचं. तेव्हा बाय तिसरीत होती आणि मी दुसरीत.

मग साहेब आला. तो आमच्याच भाषेचा माणूस होता, पण डोक्यावर हॅट होती म्हणून साहेब. शाळा तपासायला तो अवसेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पोचला. ज्याला तिनानं गुणता येतं त्याला त्या दिवशी काय घडलं ते सांगायला नको. अकराला भरती. सगळा पाडा किनाऱ्यावर, होड्या लागलेल्या, पोरं टोपल्या घेऊन धावताहेत, आणि शाळेच्या ओट्यावर एक बकरी. पेद्रू मास्तर धापा टाकत आले. त्यांनी दारावरची पाटी दाखवली, हजेरीपट दाखवला. सकाळी सहा ते नऊच्या शाळेला सत्तावीस हजर होते. साहेबानं पाटीकडे पाहिलंच नाही. तो म्हणाला, "मास्तर, शाळा अकरा ते पाच. समुद्र काय करतो ते खात्याला विचारायचं कारण नाही." आणि लिहिलं, शाळेच्या वेळेत एकही मूल हजर नाही. लढाईमुळे काटकसर चालली होती. चाळीस मुलं हजर दिसली नाहीत तर शाळा चालणार नाही, महिन्याभरात पुन्हा येतो, असं बजावून तो गेला. खाडीपलीकडच्या टेकपाड्याच्या शाळेलाही त्यानं हेच सांगितलं. त्यांचा पट चौतीस होता.

आता मी जे सांगणार आहे त्याची मला सगळ्यात जास्त किळस येते, कारण ते आम्ही केलं. आमच्याकडे हात उसने द्यायची रीत आहे. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची असली, डोलीचा खुंट पुरायचा असला आणि माणूस कमी पडला, तर तिवरपाडा टेकपाड्याकडून माणसं घेतो, आणि त्यांची वेळ आली की तितकीच माणसं परत देतो. नऊ घेतली तर नऊच. ही रीत मोडलेली मी कधी पाहिली नाही. आमचे पाटील दामाशेट. जाडजूड माणूस, बोलताना मांडीवर थाप मारायची सवय. त्यांनी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना जमवून सांगितलं, "चाळीस पायजेत ना? आपली एकोणतीस. टेकपाड्याची बारा घेऊ. एक्केचाळीस झाली. दुसऱ्या दिवशी साहेब टेकपाड्याला जाणार, तवा आपली बारा त्यांना देऊ. ओढली होडी!"

पेद्रू मास्तर म्हणाले, "पाटील, हा पट आहे, होडी नाही. त्यात खोटं नाव मी लिहिणार नाही."

"नका लिहू. बसवून ठेवा नुसती. साहेब डोकी मोजतो, नावं कुठं मोजतो?"

"आणि त्यानं ओळखलं तर?"

दामाशेटनी मांडीवर थाप मारली. "तुमाला बगळे एकमेकांपासून वळखता येतात का? तसंच साहेबाला आपली पोरं!"

सगळे हसले. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी पोरांना हाकललंही नाही. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे, तरीही हिशेबाला हिशेब म्हणून हे लिहितो. त्यांनी त्या दिवशी 'नाही' म्हणायला हवं होतं.

साहेब आला. एक्केचाळीस डोकी मोजली, पेन्सिलीनं खूण केली. मग वहीतून वाचून तोंडी हिशेब घातला, "एका टोपलीत सत्तावीस बांगडे, अशा सोळा टोपल्या, तर एकूण बांगडे किती?" त्याचं बोलणं संपेपर्यंत बायचा हात वर गेला होता. "चारशे बत्तीस." साहेब म्हणाला, "शाबास." मी तिच्या शेजारी बसलो होतो. उत्तर मलाही आलं होतं, पण ती अर्धा श्वास आधी बोलली. त्या अर्ध्या श्वासाचा राग मला दिवसभर होता. कालवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बारा जण टेकपाड्याला गेलो. त्यांची खोली आमच्याहून थोडी मोठी होती. शिक्षक वर्तक मास्तर, गोरे, किडकिडीत, स्वच्छ धोतराचे. आम्हाला मागं बसवलं. बाय सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, पदरासारखी ओढणी कपाळापर्यंत ओढून बसली. साहेबानं डोकी मोजली. शेहेचाळीस. मग तीच वही काढली. त्याच्याकडे बहुधा एकच हिशेब होता. त्या खात्यानं साऱ्या मुलुखाला एकाच हिशेबावर तपासलं असेल तर मला नवल वाटणार नाही. तो वाचू लागला, "एका टोपलीत..." बाय माझ्या कानाशी पुटपुटली, "नाऱ्या, गप ऱ्हा." मला ते नीट ऐकू आलं. पण आज ती बोलणार नव्हती, आज उत्तर माझं होतं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "चारशे बत्तीस!"

साहेबानं अजून टोपल्यांचा आकडासुद्धा सांगितला नव्हता. त्यानं वही मिटली. हळूच हसून विचारलं, "काल कुठं होतास रे?"

"तिवरपाड्याला, साहेब."

"आणि तुझ्यामागं बसली आहे ती?"

मी मागं वळून पाहिलं. बाय माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं. भांडं हातातून निसटलं की ते जमिनीवर पडेपर्यंत माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती. "ती माझी बाय," मी म्हणालो. साहेबानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहे पोरगा," तो वर्तक मास्तरांना म्हणाला, "आणि खरं बोलतो." जन्मात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. त्या एका शाबासकीची मात्र अजून ओकारी येते.

दीड महिन्यानं हुकूम आला. त्यात खोटेपणाबद्दल कुणाला शिक्षा नव्हती, म्हणून दामाशेट आधी खूष झाले. मग पेद्रू मास्तरांनी तो ओट्यावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. त्यात होतं की दोन्ही शाळांत तीच मुलं बसू शकतात असं प्रत्यक्ष आढळलं आहे, दोन्ही ठिकाणांतलं अंतर पाऊण मैल आहे, सबब मुलांच्या सोयीसाठी तिवरपाड्याची शाळा टेकपाड्याच्या शाळेत मिसळावी, तिथं दोन शिक्षक नेमावेत, म्हणजे शिक्षण अधिक चांगलं होईल. एका कानानं कमी ऐकणारा तो माणूस स्वतःच्या शाळेचा शेवट मोठ्यानं वाचत होता. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यांना ऐकू आलं का?" त्यांची बदली दूर घाटाच्या पायथ्याला झाली होती. निघताना त्यांनी दारावरची पाटी उतरवून बायला दिली. "वेळ लिहीत जा," एवढंच म्हणाले.

पाऊण मैल खरा होता. मी नंतर पावलांनी मोजला. तो ओहोटीचा होता. पाणी उतरलं की फाट्याच्या चिखलातून, गुडघाभर पाण्यातून सरळ पलीकडे जाता येतं. भरतीला तो फाटा दोन पुरुष खोल. मग मिठागरांच्या बांधावरून वळसा घालून जायचं. तो अडीच मैल, कडेला तिवरं, एका माणसापुरती निसरडी वाट, पावसाळ्यात दोन ठिकाणी तुटलेली. नकाशावर भरती-ओहोटी काढलेली नसते. नवी शाळा जूनमध्ये सुरू झाली, ठोक्याला अकरा ते पाच. बाय आता चौथीत होती, मी तिसरीत. पहिल्या आठवड्यात बायनं मास्तरांच्या पाटीवर पंधरा तिथी एकाखाली एक लिहिल्या आणि पुढं दोन रकाने पाडले, जायची वाट आणि यायची वाट. जिथं चालत जाता येईल तिथं फुली. रात्रीच्या जेवणाआधी ती पाटी तिनं बाबांपुढं ठेवली. चतुर्थीपासून अष्टमीपर्यंत जायच्या रकान्यात पाच फुल्या होत्या. द्वादशीपासून पुढं प्रतिपदेपर्यंत यायच्या रकान्यात पाच. एकाही ओळीत दोन फुल्या नव्हत्या.

"शाळा सा तासांची," ती म्हणाली, "नि पाणीपण सा तासांत फिरतं. जाताना वाट उघडी असली का येताना बुडालेली. येताना उघडी, तर जाताना बुडालेली. असा एक पण दिवस न्हाय, बाबा."

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांनी त्या दोन रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय." सगळ्या खात्यात एकाही माणसाला जे समजलं नव्हतं ते एका चौथीतल्या मुलीनं पंधरा ओळींत मांडलं होतं. आजही एखादा अधिकारी 'अभ्यास करून निर्णय घेतला' म्हणतो तेव्हा मला ती पाटी आठवते.

पाटी घेऊन ती वर्तक मास्तरांकडे गेली. मी बरोबर होतो. तिनं विचारलं, "मास्तर, सकाळी तीन तास नि दुपारी तीन तास, पाणी बघून शाळा ठेवाल का? न्हायतर मी येता येईल तेवढे दिवस येते, बाकीचं घरी करते." त्यांनी पाटी नीट पाहिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "गणित बिनचूक आहे ग. पण घड्याळ माझं नाही, वरचं आहे."

वाट मिळाली नाही तर नाही, निदान शिक्षण तरी चांगलं झालं का? तेही सांगतो, कारण ते मी बाकावर बसून पाहिलं. एकोणतीस आणि चौतीस मिळून पट त्रेसष्ट. कबूल केलेला दुसरा शिक्षक आलाच नाही. दर महिन्याला 'येणार' होता. एका मुलाची पाटी तपासायला दोन मिनिटं धरली तरी त्रेसष्ट पाट्यांना दोन तास सहा मिनिटं लागतात. वर्तक मास्तरांनी पहिला महिना प्रामाणिकपणे प्रयत्न केला, दुसऱ्या महिन्यात एक दिवसाआड पाट्या तपासल्या, तिसऱ्यात तपासणं सोडलं. मग चौथीतल्या थोराड मुलांनी पहिलीला पाढे म्हणायला लावायचे, चुकीचे का असेनात, मोठ्यानं. चार इयत्ता एका खोलीत चार वेगळे पाढे ओरडत. मास्तर खिडकीशी उभे राहून कपाळ दाबत. जो शिक्षक चौतीस मुलांना बऱ्यापैकी शिकवत होता तो त्रेसष्टांना काहीच शिकवेना. टेकपाड्याचीही पाच मुलं गळली, आणि ती तर शाळेच्या अंगणात राहणारी. दोन शाळा मिळून एक चांगली शाळा होईल असं कागदावर होतं. दोन बऱ्या शाळा मिळून एक कोंडवाडा झाला.

बाय श्रावणापर्यंत गेली. जाताना नाहीतर येताना, रोज निदान एक खेप बांधावरून. घरी यायला साडेसहा, मग मासळीचं काम. आई रोज बडबडे, पण डब्यात भाकरी बांधून देई. एका एकादशीला परत येताना बांध तुटला होता. फाट्यात पाणी चढत होतं. तिच्याबरोबर पाड्यातल्या दोन लहान मुली होत्या. तिनं एकीला कडेवर घेतलं, एकीला पाठीवर, आणि पाण्यात घुसली. मी टेकपाड्याला मावशीकडे राहायला लागलो होतो, म्हणून हे मी पाहिलं नाही, आईनं सांगितलं. पाणी बायच्या गळ्याला लागलं होतं. मुली सुखरूप आल्या. दप्तर, पुस्तकं गेली. आईनं तिला कोरडी केली, कढत पेज पाजली, आणि म्हणाली, "बस झाली शाला." दुसऱ्या दिवशीपासून तिवरपाड्यातून एकही मुलगी शाळेत गेली नाही. अकरातली एकही नाही. पुढं अठरा मुलग्यांतलेही निम्मे गळले.

मी मावशीकडे राहत होतो, हे वाक्य मी वर पटकन लिहून टाकलं. ते पुन्हा लिहितो. मुलगा होतो म्हणून मला मावशीकडे ठेवलं. मावशीचं घर दोघांनाही पुरलं असतं. मी आईला एकदा विचारलं, "बाय पण राहील ना?" आई म्हणाली, "मोठ्या पोरीला दुसऱ्याच्या घरात कोण ठेवतो? आणि मग बोंबील टांगील कोण? तू?" मी गप्प बसलो. त्या वेळी मला गप्प बसायला बरोबर जमलं.

वर्ष सरता सरता साहेब पुन्हा आला. आपण मिसळलेली शाळा कशी चालली आहे ते पाहायला. खोलीत खरी मुलं अडतीस होती. हजेरीपटात त्रेसष्ट. दुसरा शिक्षक हवा तर पट कमी दिसता कामा नये, म्हणून वर्तक मास्तरांनी एकही नाव खोडलं नव्हतं. रोज हजेरी भरत. आदल्या दिवशी त्यांनी आम्हा मागच्या मुलांना, आमच्याकडे न बघता, सांगितलं, की नाव पुकारल्यावर कुणी गैरहजर असेल तर जवळच्यानं ओ द्यावी. साहेब खुर्चीत बसून आपल्या कागदात काही लिहीत होता. नावं सुरू झाली. मुलींची नावं आली. "चांगुणा." कुणी बोललं नाही. वर्तक मास्तरांनी पुन्हा पुकारलं, आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं. मी आवाज बारीक केला आणि म्हणालो, "हजर."

साहेबानं मान वर केली नाही. या वेळी त्यानं डोकी मोजली नाहीत. शाळा त्याचीच होती ना आता.

शनिवारी घरी आलो तेव्हा बाय वलांडीशी उभी होती. मी तिला सगळं सांगून टाकलं, मारील तर मारू दे म्हणून. ती बोंबील टांगत राहिली. एक ओळ भरली तेव्हा तिनं विचारलं, "मग? पास केली का मना?" मी म्हणालो, "परीक्षा अजून व्हायची हाय." "व्हय का?" ती म्हणाली, आणि दुसरी ओळ घेतली.

पुढं माझी सातवी झाली, वखारीत हिशेबनिसाची नोकरी लागली. नोकरीसाठी शाळेचा दाखला लागला म्हणून मी टेकपाड्याला गेलो. वर्तक मास्तर तिथून गेलेले होते. नवा शिक्षक जुन्या वह्या काढून मला म्हणाला, तुम्हीच शोधा. मी शोधलं. आकडे बघायची सवय, म्हणून माझ्या नावावर थांबलो नाही. शाळा मिसळल्या त्या वर्षीच्या चौथीच्या पानावर बायचं नाव होतं. चौथी, उत्तीर्ण. वर्षातली तिची हजेरी दोनशे चार दिवस. तिसरीच्या पानावर माझी एकशे ब्याऐंशी. मी, जो शाळेच्या शेजारी मावशीकडे राहत होतो, तो आजारपणात बावीस दिवस गेलो नव्हतो. ती मात्र श्रावणानंतर एकही दिवस चुकली नव्हती.

हे मी तिला लगेच सांगितलं नाही. बरीच वर्षं सांगितलं नाही. तिचं लग्न पाड्यातच झालं, मुलं झाली, आणि मास्तरांची ती पाटी तिच्या दारावर होती. होड्यांवर जाणारे लोक येता-जाता तिच्यावरची वेळ वाचत. घड्याळं आली, छापील कोष्टकं आली, तरी म्हातारे बायलाच विचारत. गेल्या महिन्यात त्या कारकुनाला परत पाठवल्यावर मी डोंगरीची बस पकडली आणि तिच्याकडे गेलो. ती ओटीवर नातीला तिथीचा हिशेब शिकवत होती. मी त्या पानाबद्दल सांगितलं. उत्तीर्ण, दोनशे चार दिवस. म्हटलं, "बाय, तुझा दाखला निघतो अजून. कायद्यानं तू चौथी पास आहेस. म्हणशील तर मी जाऊन काढून आणतो."

तिनं पाटीवरचा खडू पुसला, बोटं लुगड्याला पुसली.

"दाखला काय करायचाय मना," ती म्हणाली. "ती पोर आन. दोनशे चार दिवस शाळेत गेली ना? कंय बसायची, काय शिकली, मना विचारायचं हाय तिला."

मग नातीकडे वळून म्हणाली, "हां, एकादशी. अकरा त्रिक?"

"तेहतीस," पोरगी म्हणाली.